राखेने घासलेले कप

मंडईला, गावच्या दिवाळीनंतरच्या नाटकांच्या जत्रेला, एक दिवस उरला होता, आणि मशीनमधून निघालेला तिसरा कपही पहिल्या दोन कपांसारखाच निघाला.

डिंपलने तो फडक्यात धरला आणि पडवीच्या उजेडात फिरवून पाहिला. निळा तलाव उमटला होता, तलावातली कमळं उमटली होती, नाट्य मंडळाचं नावही लाल अक्षरांत उमटलं होतं. पण त्या सगळ्यावरून बारीक पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, गोल गोल, एकात एक. नव्या कोऱ्या कपावर मांजराने नखं ओढावीत तशा.

"मशीनचा पट्टा बिघडला का व?" सुरेंद्रने विचारलं. तो बायकोच्या मागे उभा राहून मान वाकडी करून पाहत होता.

"पट्टा बिघडला असता तं डाग पडले असते. रेघा काऊन पडतीन?" डिंपल म्हणाली. आवाज तिचा होता, पण त्यात जीव नव्हता.

माजघराच्या दारात चंदा सूप घेऊन उभी होती. मंडईच्या पाहुण्यांसाठी तांदूळ पाखडता पाखडता ती उठून आली होती. तिने रेघा पाहिल्या आणि सुपातला हात सुपातच राहिला. त्या रेघा तिच्या ओळखीच्या होत्या. थोरली सून म्हणून या घरात आल्याला तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षं घरातलं एकूण एक भांडं तिच्याच हाताखालून गेलं होतं. मनगट गोल फिरवायचं, मध्येच दाबायचं, मग सोडायचं. कपावर फिरलेला तो हात तिचाच होता.

या मशीनचं घरात येणं सोपं झालं नव्हतं. दिवाळीच्या महिनाभर आधी डिंपल नागपूरला माहेरी गेली आणि येताना एसटीच्या टपावर सगळा संसार लादून आली: कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि पोटात कप धरणारं एक लोखंडी धूड. तिच्या भावाचं, प्रवीणचं, कपांवर फोटो छापायचं दुकान होतं. त्याने नवं मशीन घेतलं आणि जुनं बहिणीला शिकायला दिलं. घरात जागा होती ती एक पडवी, आणि पडवी सासऱ्याची, मनसारामची. तिथे त्याची जाळी टांगलेली असत, तिथेच तो पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून नवं जाळं विणत बसे. सासू कुंताने पहिल्याच दिवशी बजावलं, ढिवराच्या पडवीतून जाळं निघालं का घरातून मासोळी निघाली. चंदाने सासूचीच री ओढली. खरं सांगायचं तर तिला मशीनचं काही वाटलं नव्हतं, वाटलं होतं ते डिंपलचं. बारावी शिकलेली, नाजूक बोटांची, चुलीपाशी बसली की डोळ्यांना धारा. गेल्या वर्षी या दोघींवरून घरात दोन चुली होता होता राहिल्या होत्या.

शेवटी मनसारामने निवाडा केला होता. "मंडईवरी ठेव, पोरी. मंडळाच्या गुणवंतानं सत्काराचे चोवीस कप सांगतले ना तुले? ते जमले तं मशीन राहीन इथी, जाळे मी दुसरीकडं नेईन. नाई जमले तं मंडईच्या दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ येईन अन् घेऊन जाईन. मंग हा विषय नाई काढाचा."

शिकणं म्हणजे काय असतं ते मग साऱ्या घराने पाहिलं. पहिला कप सुरेंद्रच्या फोटोचा. त्याच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर गेला आणि शर्टाचा खिसा भलतीकडे. कागदावर चित्र उलटं छापायचं म्हणजे कपावर ते सुलटं बसतं, हेच डिंपल घाईत विसरली होती. "हा तं माहा तिसराच लेक दिसते," कुंता म्हणाली होती. दुसरा कप निघाला तो फिका, शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यासारखा. मशीनवर एकशेऐंशीचा आकडा यावा लागे, आणि भैयाजीची धान गिरणी चालू असली की व्होल्टेज असं बसे की आकडा एकशेचाळीसच्या पुढे सरकेना. लोडशेडिंगमधून उरलेले चार तास, त्यात गिरणीची ही भागीदारी. मग सुरेंद्रच गिरणीवर जाऊन बसू लागला. भैयाजीला सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊ घालायचा, त्याच्या जावयाच्या चहाड्या ऐकायच्या आणि तेवढ्यात गिरणी बंद ठेवून घ्यायची.

त्यानंतरचं संकट दोन दोन चित्रांचं. कागद कपाभोवती गुंडाळून पट्टीने चिकटवायचा असतो. तापताना तो केसभर सरकला तरी एका माणसाला चार डोळे दिसत. मनसाराम कोपऱ्यात जाळं विणत हे तीन दिवस पाहत होता. चौथ्या दिवशी त्याला राहवेना.

"अशी ढिली बांधशीन तं जाळ्यात गाळ येईन, मासोळी नाई. आन इकडं."

त्याने कप मांडीवर घेतला. अंगठ्याने दाबत दाबत कागद ताणला, पट्टी आधी मध्ये लावली, मग दोन्ही कडांना, जाळ्याच्या काठाला दोर ओवावा तशी. कप निघाला तो आरशासारखा लख्ख. तेव्हापासून कप बांधायचं काम त्याचं. मशीन त्याला नकोच होतं, पण ढिली गाठ त्याला सोसत नव्हती.

"तापलं का शाईची वाफ होते, मामाजी, अन् ते वाफ कपात शिरते," डिंपल त्याला समजावत होती. "मंग कितीही घासा, रंग नाई जात."

चंदाने चुलीपाशी बसून नेमकं तेवढंच ऐकलं होतं: कितीही घासा.

आणि मग परवा नागपूरहून पार्सलने तीस कपांचा खोका आला. पेंढ्यात भरलेला, धुळीने माखलेला. डिंपल नागभीडला कागद आणायला गेली होती. चंदाने खोका उघडून पाहिला. दहावीत गणितात गेल्यापासून तिची दामिनी वर्षभर तोंड शिवून बसली होती, आणि गेले पंधरा दिवस तीच पोर काकूच्या शेजारी कॉम्प्युटरपुढे बसून खिदळत होती. चंदाला ते दिसत होतं. तोंडाने काही बोलून दाखवणं तिला जमणारं नव्हतं. हाताने करणं जमत होतं. बाजारातून आलेलं नवं भांडं घासल्याबिगर पाहुण्याच्या हातात देत नाहीत, हे त्या शिकलेल्या पोरीला कुठलं सुचायला? चंदाने तीसच्या तीस कप विहिरीवर नेले, चुलीतली राख घेतली, विटकरीचा चुरा घेतला, नारळाची शेंडी घेतली आणि हात दुखेपर्यंत घासले. पुसून, वाळवून पुन्हा पेंढ्यात रचून ठेवले. कोणाला सांगितलं नाही.

"मी तं पहिलेच म्हनलं होतं," आता कुंता माजघरातून म्हणाली. "जाळ्याच्या जागी बिजलीची वस्तू ठेवली. तलावाले राग येनार नाई तं काय?"

"माय, तू चूप राय ना थोडी," सुरेंद्र म्हणाला. मग त्याने खोक्यातला एक कोरा कप उचलून उन्हात धरला, तिरपा केला, बोटाने चाचपला. "यायच्यावर तं छापायच्या आधीच रेघा हायेत. कोनीतरी ओरखडे मारले. खोका कोनी उघडला होता?"

सुरेंद्रची नजर फिरत फिरत चंदावर येऊन थांबली. मशीन नको म्हणणारी घरात दुसरी होती कोण?

चंदाला वाटलं, सूप टाकावं आणि तलावाकडे चालू लागावं. तिचा नवरा अमर तिकडेच मासोळी धरायला गेला होता. पण तिने सूप खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मी उघडला. घासले मी."

"घासले?" डिंपलने विचारलं. "कायनं घासले, बाई?"

"राखनं. अन् विटकरीचा चुरा. चांगले घासले, कसर नाई ठेवली."

डिंपल मटकन बसली. "बाई व! त्या कपावर काचेसारखा पातळ लेप असते. शाई त्या लेपात शिरते. तुमी तं लेपच खरवडला!"

"तूच म्हनत होती ना कितीही घासा म्हनून?"

"छापल्यावर, बाई! छापल्यावर!"

दामिनीला हसू फुटलं, ते तिने तोंडावर ओढणी दाबून गिळलं. सुरेंद्र मात्र तापला होता. "वयनी, हे तुमी मुद्दाम केलं. मशीन जावं म्हनून केलं. सिद्दं सांगा ना."

एकोणीस वर्षांत चंदाने भांडणात हार खाल्ली नव्हती. कारण आजवर प्रत्येक भांडणात थोडीफार चूक तिची असायचीच. आज चूक नव्हती, तर तिला भांडता येईना.

"कितीक घासले, बाई?" डिंपलने खालूनच विचारलं.

"तीस."

डिंपलने नवऱ्याकडे मान वर केली. "ऐकलं का? मुद्दाम करनारी एकेक ओरखडा मारते अन् मोकळी होते. तीस कप कोनी दुश्मनीनं नाई घासत. हात पाहा त्यायचे."

चंदाने हात पदरात लपवले. विटकरीने बोटांची टोकं सोलली होती. धाकट्या जावेने आपली बाजू घेतली, हे तिला कपांपेक्षाही अवघड वाटलं.

मनसाराम इतका वेळ पट्टीचं रीळ हातात धरून बसला होता. "दुसरे कप?" त्याने विचारलं.

"नागपूरवून यायले दोन दिवस लागतीन, मामाजी."

"अन् करंट?"

"तीनवरी हाये."

"मंग झालं," म्हातारा म्हणाला. आनंदाने नाही म्हणाला. रीळ त्याने हळूच खाली ठेवलं आणि भिंतीवरच्या जाळ्यांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

चंदाने तिसरा कप उचलला. निळ्या आभाळावर रेघा, कमळांवर रेघा. इतकं नवंकोरं चित्र होतं म्हणूनच त्या डोळ्यांत खुपत होत्या. फाटक्या गोधडीवर ठिगळ कोण मोजतं? चित्रच जुनं असतं तर? आणि एकाएकी तिला सासूची लोखंडी पेटी आठवली. दर उन्हाळ्यात लुगड्यांना ऊन द्यायला ती पेटी चंदाच उपसत असे.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमच्या पेटीत तळाशी जो फोटो हाये..."

"कोनता फोटो? काही फोटो-बिटो नाई माह्या पेटीत," कुंता इतक्या झटक्याने म्हणाली की सगळ्यांनी मान वळवली.

"तो नाटकाचा. मंडळाच्या पहिल्या वर्षाचा. साऱ्या चिरा पडल्या त्याले, रेघाच रेघा. तो कपावर घेतला तं माह्या रेघा कोनाले दिसतीन?"

मनसाराम उठून उभा राहिला. "कुंता! तो फोटो तुले जाळाले सांगतला होता मी. चाळीस वर्षं झाले."

"जाळनारच होती," कुंता म्हणाली. "सवड नाई भेटली."

फोटो आला. पिवळा पडलेला, कोपरा उंदराने खाल्लेला. डाव्या बाजूला तलवार उपसून राजा उभा, कोळशाची मिशी काढलेला. तो गुणवंतराव, आजचा मंडळाचा अध्यक्ष. आणि त्याच्या शेजारी नऊवारी नेसून, नथ घालून, हनुवटीला बोट लावून लाजत उभी असलेली राणी.

दामिनीने फोटो जवळ नेला, लांब नेला. "आबा?" ती म्हणाली. "आबा, हे तुमी?"

त्या काळी नाटकात बायका मिळत नसत. मनसाराम विशीतला, अंगाने सडपातळ, आवाजाचा गोड. ते काम त्याने एकच वर्ष केलं. पुढच्याच उन्हाळ्यात लग्न झालं, तर सासरच्या बायकांनी मांडवात आहेर म्हणून त्याच्या हातात चोळीचा खण ठेवला. हसून हसून मांडव पडायचा राहिला होता. त्या दिवसापासून तो पुन्हा स्टेजवर चढला नाही.

"जमत नाई," मनसाराम म्हणाला. "साऱ्या गावानं मले लुगड्यात पाहावं का या वयात? राहू दे. जाऊ दे मशीन."

"गावानं पाह्यलंच हाये," कुंता म्हणाली. "मीबी पाह्यलं हाये."

"तू कुठी पाह्यलं?"

"मंडईले आनलं होतं मले बापानं, मुलगा दाखवाले. म्हने तो पाहा, स्टेजवर हाये. मी राजाकडं पाहून राह्यली. मनात म्हनलं, चांगला हाये, मिशी हाये, तलवार हाये. मंग बाप कानात म्हनते, राजा नाई व पोरी, राणी."

सुरेंद्र खाली बसून हसू लागला. दामिनीची ओढणी केव्हाच सुटली होती. डिंपलच्या डोळ्यांतून पाणी, आणि आज चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

"मंग हो काऊन म्हनलं तुनं?" मनसारामने विचारलं. चाळीस वर्षांत त्याने हे कधी विचारलं नसावं.

"राजा नुसता वरडत होता," कुंता म्हणाली. "राणी रडली तं माह्या डोळ्याले पानी आलं. म्हनलं, याले समजते." आणि ती तांदळाचं सूप उचलून आत निघून गेली.

मनसाराम बाहेर ओट्यावर जाऊन बसला. कोणी त्याच्या मागे गेलं नाही. आत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता, घड्याळात एक वाजून गेला होता. डिंपल फोटोकडे पाहत होती, पण हात लावत नव्हती. दूर गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला.

म्हातारा परत आला तो तरातरा. "सुरेंद्र, इथी काय करून राह्यला? भैयाजीची गिरणी बंद कर जा! अन् पोरी, कागद आन. तीन वाजता करंट जाते." त्याने जमिनीवरचं रीळ उचललं आणि मांडी घातली. "अन् नथ चांगली दिसली पाहिजे. ते गुणवंताच्या मायची होती."

दामिनीने प्रिंटरचं झाकण उघडून फोटो काचेवर पालथा ठेवला. चित्र काळसर तपकिरी करू या, असं तिनेच सुचवलं. "उलटं केलं का?" चंदाने विचारलं, तसं डिंपलने जीभ चावली आणि चित्र उलटं केलं. कागदावर राजा-राणी अगदी मेल्यासारखे फिके उमटले. चंदा कागदावर वाकली, तशी डिंपल म्हणाली, "थांबा बाई, शिजल्याबिगर रंग येत नाई."

मनसारामने कप बांधला. मशीनने तो पोटात धरला. आकडा एकशेसाठ, एकशेसत्तर, एकशेऐंशी. घंटी वाजली. डिंपलने कागद सोलला आणि कप सरळ चंदाच्या हातात दिला, फडक्यासकट.

रेघा होत्याच. राजाच्या छातीवरून गेल्या होत्या, राणीच्या पदरावरून गेल्या होत्या, आणि फोटोच्या मूळच्या चिरांत अशा मिसळल्या होत्या की कुठल्या काळाने काढल्या आणि कुठल्या चंदाने, हे चंदालाही सांगता येईना.

"आता बाहेर ये, कुंता," मनसारामने हाक मारली. "राणी पाहा तुही."

तीनच्या ठोक्याला वीज गेली, तेव्हा चोविसावा कप मशीनमध्येच होता. डिंपलने घड्याळाकडे पाहून पुरती मिनिटं मोजली, गरम मशीनच्या भरवशावर. तो कप इतरांपेक्षा जरा फिका निघाला. मनसारामने तो स्वतःसाठी ठेवून घेतला आणि मंडळासाठी खोक्यातला जादाचा एक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढायला लावला.

मंडईच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात मंडळाचा सत्कार सोहळा झाला. पाहुण्यांनी घरं फुटायला आली होती. गुणवंतरावांनी पहिला कप हातात घेतला. कमळांची वाट पाहणारे त्यांचे डोळे त्या चित्रावर आले आणि त्यांनी कप उन्हात धरून राणीच्या नथीवर अंगठा फिरवला. बायकांच्या बैठकीत चंदाने डिंपलचं मनगट धरलं होतं. आपण ते केव्हा धरलं हे तिला आठवत नव्हतं.

"आमची राणी कुठी हाये?" गुणवंतराव माईकवर म्हणाले. त्यांचा आवाज राजाचा राहिला नव्हता. "ए मनसाराम! लपू नको, समोर ये. चाळीस वर्षं झाले, तुहा डायलॉग बाकी हाये."

मनसाराम मागच्या रांगेतून उठला. डोक्यावरचा दुपट्टा सारखा करत स्टेजपर्यंत गेला, माईकपुढे उभा राहिला आणि हनुवटीला बोट लावून लाजला. पटांगण असं उसळलं की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी प्रवीण जीप घेऊन दारात आला, ठरल्याप्रमाणे. मनसाराम भिंतीवरून जाळी काढत होता. दोन त्याने आतल्या खोलीत नेली, तिसरं मात्र मशीनच्या वरच्या खुंटीलाच राहू दिलं.

"चहा पे अन् जा, बापू," तो प्रवीणला म्हणाला. "जीप रिकामीच न्या लागीन तुले." आणि फिक्या कपातून त्याने आपला चहा फुर्रकन ओढला.

प्रवीणच्या मागोमाग दुसरा पाहुणा आला. शेजारच्या गावच्या मंडळाचा हरिदास, बगलेत पिशवी, पिशवीत त्यांच्या जुन्या नाटकाचा फोटो. बारा कप हवे होते. फोटो चांगला होता, काचेत जपून ठेवलेला, एक ओरखडा नाही.

"पन कप मात्र तसेच पाहिजेत, बाई," हरिदास डिंपलला म्हणाला. "ते रेघारेघांचे. तशी डिझाईन नागपूरलेबी भेटत नाई."

चंदा विहिरीवर भांडी घासत होती. मागून पावलं वाजली, आणि प्रवीणच्या जीपमध्ये त्याच्या दुकानासाठी असलेला कोऱ्या कपांचा खोका तिच्यापुढे दगडावर येऊन बसला. डिंपल पदर खोचून तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि राखेच्या टोपल्यात तिने आपली नाजूक बोटं घातली.

"बाई, शिकवा. किती दाबाचं?"

चंदाने तिच्या हातातली राख झटकून टाकली. "एवढी नाई घ्याची," ती म्हणाली. "अन् मनगट ढिलं सोड. लुगडं पिळून नाई राह्यली तू."